रेचेल कार्सन

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात ॲलेघेनी नदीच्या काठी स्प्रिंगडेल नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावी २७ मे १९०७ रोजी रेचेल कार्सनचा जन्म झाला. तीन भावंडांत ती शेंडेफळ. वडिलांची ६५ एकर जमीन होती, परंतु तिचे उत्पन्न बेताचे असल्यामुळे घरात पैशाची चणचण नित्याचीच असे. आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. पैशाने ती श्रीमंत नव्हती, पण मुलीला देण्यासारखे दुसरे पुष्कळ काही तिच्यापाशी होते. लहानग्या रेचेलला बरोबर घेऊन ती रानात आणि ओढ्याकाठी हिंडे, पाखरांची घरटी दाखवी, फुलांची नावे सांगे. घरात एखादा कोळी किंवा किडा शिरला, तर त्याला न चिरडता ती अलगद उचलून बाहेर नेऊन सोडी. या शिक्षणाला ना पाटी लागली ना पुस्तक. पण पुढे सारे जग ज्या ग्रंथाने खडबडून जागे झाले, त्याची मुळे स्प्रिंगडेलच्या या रानवाटांतच होती.

रेचेलला लेखनाचीही आवड होती. तिचा भाऊ पहिल्या महायुद्धात सैन्याच्या विमानदलात होता. त्याच्या पत्रातून कळलेल्या एका शूर वैमानिकाच्या हकिकतीवरून तिने एक गोष्ट लिहिली आणि मुलांच्या एका नामांकित मासिकाकडे धाडली. सप्टेंबर १९१८ मध्ये ती गोष्ट छापून आली आणि तिला रुपेरी पदक मिळाले. त्या वेळी रेचेलचे वय अवघे ११ वर्षांचे होते. आपण लेखिका व्हायचे, हे तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकले.

१९२५ साली ती पिट्सबर्ग येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाली. तिच्या शुल्कासाठी आईने पियानोच्या शिकवण्या घेतल्या आणि घरातील चिनी मातीची चांगली भांडीही विकली. प्रारंभी रेचेलने इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास आरंभिला होता. परंतु जीवशास्त्राच्या एका अध्यापिकेचे शिकवणे ऐकून ती इतकी भारावली की, तिने विषयच बदलला. आता आपले लेखन संपले, असे तिला वाटले. वस्तुतः ज्याविषयी लिहायचे तो विषय तिला आता कोठे गवसला होता. १९२९ साली पदवी घेतल्यावर त्या उन्हाळ्यात ती वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. समुद्राची स्वप्ने ती बालपणापासून पाहत आली होती. पण प्रत्यक्ष समुद्र तिने पाहिला तो त्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची प्राणिशास्त्रातील एम. ए. ही पदवी तिला मिळाली. पुढेही शिकण्याची तिची इच्छा होती. परंतु देशात मंदीचे दिवस होते. घरच्या गरजेपायी तिला विद्यापीठ सोडावे लागले आणि १९३५ साली वडीलही वारले.

येथून पुढे घराचा सारा भार कार्सनबाईंवर पडला. मत्स्योद्योगाच्या सरकारी खात्यासाठी त्या नभोवाणीवरील लहान लहान श्रुतिका लिहू लागल्या. १९३६ साली सरकारी परीक्षेत सर्वांहून अधिक गुण मिळवून त्या त्या खात्यात कायम झाल्या. एकदा वरिष्ठांनी त्यांना एका पुस्तिकेसाठी सागराविषयी प्रास्ताविक लिहावयास सांगितले. कार्सनबाईंनी लिहून आणलेला मजकूर वाचून ते वरिष्ठ क्षणभर स्तब्ध झाले. हे लेखन सरकारी पुस्तिकेच्या कामाचे नाही, दुसरे लिहून आणा. आणि हे एखाद्या चांगल्या मासिकाकडे पाठवा, असा सल्ला त्यांनी दिला. १९३७ साली तो लेख एका प्रतिष्ठित मासिकात छापून आला. त्याच वर्षी कार्सनबाईंची बहीण दोन लहान मुली मागे ठेवून निवर्तली. त्या मुलींना वाढविण्याची जबाबदारी कार्सनबाईंनी आणि त्यांच्या वृद्ध मातेने उचलली. दिवसा कचेरी, रात्री लेखन आणि मधल्या वेळात घर, असा क्रम अनेक वर्षे चालला. त्यांच्या पहिल्या पुस्तकाचा मजकूर आई टंकयंत्रावर उतरवून देत असे. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या सागरविषयक दुसऱ्या पुस्तकाने मात्र त्यांना अपार कीर्ती मिळवून दिली. त्याच्या प्राप्तीवर त्यांनी १९५२ साली नोकरी सोडली. सागराचे वर्णन करीत सुखाने उर्वरित आयुष्य घालवावे, अशी वेळ आली होती.

परंतु तसे घडावयाचे नव्हते.

त्या काळी डीडीटी नावाच्या द्रव्याचा जगभर मोठा बोलबाला होता. हे द्रव्य प्रयोगशाळेत १८७४ सालीच तयार झाले होते. पण कीटक मारण्याचा त्याचा गुण १९३९ साली पाउल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाच्या ध्यानी आला, आणि त्याबद्दल १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील नेपल्स शहरी उवांपासून पसरणाऱ्या टायफस तापाची साथ आली, तेव्हा लक्षावधी लोकांच्या अंगावर ही भुकटी उडवून ती आटोक्यात आणण्यात आली. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या सुमारास दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप येई. १९५३ पासून गावोगावी घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि दहा-बारा वर्षांत हा आकडा एक लाखापर्यंत खाली आला. ज्या द्रव्याने एवढे प्राण वाचविले, त्याला लोकांनी देवाचे देणे मानले, यात नवल ते काय?

मात्र देणगी मिळाली म्हणून ती उधळावी, असे थोडेच आहे! युद्ध संपल्यावर अमेरिकेत हे द्रव्य शेतांवर, फळबागांवर, रस्त्याकडेच्या झाडांवर आणि विमानांतून अख्ख्या जंगलांवर ओतले जाऊ लागले. त्याच्या जोडीला त्याहूनही जहाल अशी दुसरी द्रव्ये आली. फडताळात अंथरण्याच्या कागदात कीटकनाशक, फरशीला लावण्याच्या मेणात कीटकनाशक, लोकरीच्या कपड्यांवर कीटकनाशक, असा प्रकार झाला. गृहिणी ती निःशंकपणे हाताळीत, कारण अंगावर उडालेल्या भुकटीने कोणी लगेच आजारी पडत नसे.

या लगेच शब्दातच सारी मेख होती. शरीरात गेलेले जास्तीचे मीठ पाण्यात विरघळून मूत्रावाटे आणि घामावाटे बाहेर पडते. डीडीटीचे तसे नाही. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते विरघळते तेलात आणि चरबीत. तुपाचे भांडे नुसत्या पाण्याने कितीही विसळले तरी त्याचा तुपकटपणा जात नाही, तद्वतच शरीराच्या चरबीत शिरलेले डीडीटी सहजासहजी निघत नाही. आज भाजीतून एक कण आला, उद्या दुधातून एक आला, परवा मांसातून आला. त्यांतील एकही कण स्वतः मारक नव्हे. परंतु थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण जशी धनाला लागू पडते, तशी ती विषालाही लागू पडते.

शिवाय एका प्राण्याच्या देहात साचलेला हा साठा त्याला खाणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला जातो. फवारलेल्या शेतातील लसूणघासात दहा लाख भागांत सात-आठ भाग डीडीटी सापडले. तो घास खाणाऱ्या गाईच्या दुधात ते सुमारे तीन भाग उतरले. पण त्याच दुधाचे लोणी काढले, तेव्हा त्यात ६५ भाग भरले! मिशिगन राज्यातील एका विद्यापीठाच्या आवारात एल्म वृक्षांचा रोग हटविण्यासाठी फवारणी झाली. पाने गळून जमिनीवर पडली, ती गांडुळांनी खाल्ली, आणि वसंत ऋतूत परतलेल्या रॉबिन पक्ष्यांनी ती गांडुळे खाल्ली. अवघी अकरा मोठी गांडुळे एका रॉबिनचा जीव घेण्यास पुरेशी ठरत होती. तेवढी तर तो पक्षी काही मिनिटांत फस्त करतो.

कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवराची कथा याहूनही विचार करावयास लावणारी आहे. तेथे मासे पकडण्यासाठी येणाऱ्या हौशी लोकांना चिलटांचा उपद्रव होई. ती चिलटे चावतही नसत. नुसती असंख्य होती, एवढाच त्यांचा अपराध! त्यांच्या नाशासाठी १९४९ साली डीडीटीचेच भावंड असलेले डीडीडी हे द्रव्य पाण्यात सोडण्यात आले. प्रमाण काळजीपूर्वक ठरविले होते: पाण्याच्या ७ कोटी भागांत द्रव्याचा एक भाग. चिलटे पुन्हा आली, म्हणून १९५४ साली आणि नंतर १९५७ साली ५ कोटी भागांत एक भाग असे प्रमाण धरले. त्या सरोवरावर ग्रीब नावाचे सुंदर पाणपक्षी राहत. आपल्याकडील टिबुकलीच्या कुळातले हे पक्षी. ते शेकड्यांनी मरू लागले. कोणता रोग झाला हे कळेना. अखेर कोणीतरी मृत पक्ष्याची चरबी तपासली, तेव्हा तीत दहा लाख भागांत १६०० भाग विष निघाले. पाण्यात सोडले होते त्याच्या ८० हजार पट! मग एकेक पायरी उलगडत गेली. पाण्यातील अतिसूक्ष्म प्लवकांत पाच भाग, ते खाणाऱ्या माशांत ४० ते ३००, या माशांना खाणाऱ्या मोठ्या माशांत त्याहून कितीतरी अधिक, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत मृत्यू. शेवटच्या फवारणीनंतर थोड्याच दिवसांत पाणी तपासले, तर त्यात विषाचा मागमूसही नव्हता. ते कोठे गेले होते? सरोवरातील जीवांच्या देहांत. पूर्वी जेथे ग्रीबांची हजाराहून अधिक जोडपी घरटी करीत, तेथे १९६० साली सुमारे ३० जोडपी उरली.

आणि मनुष्य? तो तर या साखळीच्या अगदी टोकाला बसलेला. ज्यांनी कीटकनाशकाला कधी हातही लावला नव्हता, अशा सामान्य अमेरिकन माणसांच्या चरबीतही दहा लाख भागांत पाच ते सात भाग डीडीटी आढळले. कारखान्यातील एका कामगाराच्या शरीरात ते ६४८ भागांपर्यंत पोहोचले होते. मातेच्या दुधातही ते सापडले. म्हणजे बालकाच्या पहिल्या घोटापासून या साठ्यात भर पडत होती.

कार्सनबाईंना या प्रश्नाची जाणीव फार पूर्वीच झाली होती. १९४५ साली त्यांनी एका मासिकाला डीडीटीच्या परिणामांविषयी लेख देऊ केला होता. परंतु तो कोणाला नको होता. जानेवारी १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका परिचित बाईंचे पत्र त्यांना आले. डास मारण्यासाठी विमानातून फवारणी झाली आणि आपल्या अंगणातील पक्षी पाण्याच्या कुंडाशी तडफडून मेले, असे त्यात लिहिले होते. दुसऱ्या कोणीतरी यावर लिहावे म्हणून कार्सनबाईंनी खटपट केली. कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच लेखणी उचलली.

काळ मोठा प्रतिकूल होता. १९५७ साली त्यांची भाची वारली होती आणि तिचा पाच वर्षांचा पोरका मुलगा त्यांनी दत्तक घेतला होता. डिसेंबर १९५८ मध्ये आई गेली. वर्षभरात संपवावयाचे पुस्तक लांबतच चालले, कारण पुराव्यावाचून एक वाक्यही लिहावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता. जगभरच्या शास्त्रज्ञांशी त्यांनी पत्रव्यवहार केला आणि शेकडो अहवाल चाळले. १९६० साली त्यांच्या शरीरात गाठ आढळली. शस्त्रक्रिया झाली, पण रोग कर्करोग आहे, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलेच नाही. त्या काळी रुग्णांपासून, विशेषतः स्त्रियांपासून, असे सत्य लपविण्याची रीत होती. वर्षाच्या अखेरीस त्यांना ते कळले, तेव्हा रोग पसरला होता. मग किरणोपचार, सांधेदुखी आणि त्यावर कडी म्हणजे डोळ्यांचा दाह! काही आठवडे त्यांना वाचताही येईना. तेव्हा मदतनीस बाई प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवीत आणि कार्सनबाई तोंडी दुरुस्त्या सांगत.

आपला आजार त्यांनी जगापासून लपविला. कळले असते, तर सहानुभूती मिळाली असती. परंतु ही बाई स्वतःच्या दुखण्याचा राग रसायनांवर काढीत आहे, असे म्हणण्यास विरोधकांना निमित्तही मिळाले असते. आपल्या वेदनेची सावली पुराव्यावर पडू नये, म्हणून त्यांनी ती वेदना मुकाट्याने सोसली.

जानेवारी १९६२ मध्ये पुस्तकाचे हस्तलिखित एका विख्यात साप्ताहिकाच्या संपादकाकडे गेले. एके रात्री त्यांचा दूरध्वनी आला. त्यांनी लेखनाची मनापासून वाखाणणी केली. कार्सनबाईंनी मुलाला निजविले, मांजराला जवळ घेतले आणि बेथोव्हनच्या व्हायोलिन-रचनेची ध्वनिमुद्रिका लावली. चार वर्षे आवरून धरलेले अश्रू त्या रात्री वाहू लागले.

२७ सप्टेंबर १९६२ रोजी ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाखरांच्या गाण्यावाचून मुका झालेला वसंत, असा त्या नावाचा आशय आहे. पुस्तकाच्या शेवटी आधारांची यादीच ५५ पृष्ठांची होती. प्रसिद्धीपूर्वीच एका रासायनिक कंपनीने प्रकाशकाला न्यायालयाचा धाक घातला होता. दुसऱ्या एका कंपनीने कीटकनाशकांवाचून देशाची कशी दुर्दशा होईल, याचे काल्पनिक वर्णन छापून सर्वत्र वाटले. बाई भावनाविवश आहेत, त्यांना विद्यापीठाची मोठी पदवी नाही, पक्षी आणि मांजरे यांपलीकडे त्यांना काही दिसत नाही, अशी चेष्टा झाली. खरे पाहता, सर्व कीटकनाशके बंद करा, असे त्यांनी कोठेच म्हटले नव्हते. जी द्रव्ये आपण पुरती ओळखत नाही ती सर्वांच्या अन्नात आणि पाण्यात त्यांच्या संमतीवाचून मिसळू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अतिवापराने डास त्या विषाला सरावतात आणि मग रोगाच्या वेळी ते निरुपयोगी ठरते, हेही त्यांनी बजावले होते. त्यांची सर्वच अनुमाने तेव्हा सिद्ध झालेली होती, असे मात्र नाही. डीडीटीमुळे मनुष्याला कर्करोग होतो का, या प्रश्नावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला बहुधा कर्करोगकारक अशा द्रव्यांच्या गटात घातले.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी या प्रश्नाच्या चौकशीसाठी शास्त्रज्ञांची समिती नेमली. एप्रिल १९६३ मध्ये कार्सनबाई दूरचित्रवाणीवर आल्या. उपचारांमुळे त्यांच्या डोक्यावर केसांचा टोप होता. परंतु त्यांचे शांत, मोजके बोलणे ऐकून लक्षावधी प्रेक्षकांपैकी कोणाला त्यांच्या दुखण्याची शंकाही आली नसेल. मे महिन्यात समितीचा अहवाल आला आणि त्याने बहुतांशी त्यांचीच बाजू उचलून धरली. ४ जून रोजी त्या सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष देण्यास गेल्या. त्या वेळी चार पावले चालणेही त्यांना कष्टाचे झाले होते.

१४ एप्रिल १९६४ रोजी सिल्व्हर स्प्रिंग येथील राहत्या घरी कार्सनबाईंचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षांचे होते. त्यांच्या अस्थींचा अर्धा भाग आईच्या शेजारी पुरण्यात आला आणि अर्धा मेन राज्याच्या किनाऱ्यावर, त्यांच्या आवडत्या सागरात सोडण्यात आला.

पुढे संशोधकांना असे आढळले की, डीडीटीपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्यामुळे गरुडांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ होतात की, उबविणाऱ्या पक्ष्याच्या भारानेच ती फुटतात. अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह असलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची १९६३ साली अलास्का वगळता साऱ्या देशात ४१७ जोडपी उरली होती. १९७२ साली अमेरिकेने डीडीटीचा वापर जवळजवळ सर्वस्वी बंद केला. हळूहळू गरुडांची घरटी पुन्हा भरली आणि २००७ साली संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून त्यांचे नाव काढण्यात आले. भारतात शेतीसाठी डीडीटी वापरण्यास १९८९ साली मनाई झाली. डासांच्या निर्मूलनासाठी मर्यादित मुभा मात्र ठेवण्यात आली. २००१ साली स्टॉकहोम येथे अनेक राष्ट्रांनी मिळून अशा साचणाऱ्या विषांविरुद्ध करार केला.

बंदीनंतर कित्येक वर्षांनी अमेरिकेतील सरकारी आरोग्य संस्थेने १२ ते १९ वर्षांच्या मुलामुलींचे रक्त तपासले. या मुलांचा जन्म डीडीटीचा वापर थांबल्यानंतर झाला होता. त्यांनी ती भुकटी डोळ्यांनीही पाहिली नव्हती. तरीसुद्धा तिचा अंश त्यांच्या रक्तात सापडला.